सूनबाईने घासलेला पट्टा

११ जानेवारी

विहीणबाई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

सुखरूप पोचलो. गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण शेजारच्या गृहस्थांनी झोपेत माझ्या खांद्याची उशी केली ती थेट उतरेपर्यंत. घर उघडलं तर सगळीकडे बोटभर धूळ. तुमच्याकडे राहून सवयी बिघडल्या बघा. हातात आयता चहा, वर विचारणा, साखर बरोबर पडली का. इथे मीच विचारतो आणि मीच उत्तर देतो.

आता मुद्द्याचं. मी दुरुस्त करून दिलेली, पुढच्या खोलीतली विणायची मशीन कशी चालतेय? मी निघालो तेव्हा तुम्ही दुकानदाराकडे माल द्यायला गेला होतात, त्यामुळे आपलं बोलणं राहून गेलं. सुया बसतात त्या चकचकीत पट्ट्यावर धागा अडकत होता ना, त्याचं कारण सांगतो. कुणाच्या तरी हातून वर कात्री नाहीतर पाना पडला असणार. पोचा पडला की त्याच्या कडेला धातू वर येतो, बारीक धारदार कुसळासारखा. कामावर आम्ही त्याला बर म्हणतो. डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचा बोळा फिरवला की तंतू धरून ठेवतो, तेव्हा कळतं. उभा जन्म मी हेच केलं, यंत्राच्या भागांवरची कुसळं काढली. माझ्या हाताखालून गेलेल्या मालावर कुणाचं बोट कापलं असं एकदाही झालं नाही. म्हणून तर कारखान्यात सगळे मला मास्तर म्हणायचे.

तरी कळवा. म्हणजे काही असेल तर. नसणारच, पण मशीन जुनी आहे, उद्या काही निघालं तर ते आधीपासूनचंही असू शकतं. आणि आमच्या पोरीला, चिमीला, सांगा, पट्ट्याला मी ग्रीस लावलंय ते पुसू नकोस म्हणावं, राहू दे थोडे दिवस.

फोन नका करू. कारखान्याने माझे कान खाल्ले, फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते. सवड काढून चार ओळी लिहाच. वाट बघतो.

आपला,
व्याही


२१ जानेवारी

व्याह्यांस नमस्कार.

पत्र मिळालं. मला लांबण लावता येत नाही, तेव्हा आहे ते लिहिते.

मशीन बंद आहे. तुम्ही गेल्यावर दोनतीन दिवस बरी चालली. मग पांढऱ्या लोकरीवर करड्या रेघा उमटायला लागल्या. बाळांच्या स्वेटरांचा अख्खा गठ्ठा दुकानदाराने परत धाडला. बरोबरच आहे, तान्ह्या बाळाच्या अंगात असलं मळकट कोण घालील? ग्रीस पुसून पट्टा बघितला तर मधोमध क्रोमचा मुलामाच गेलेला. खाली पिवळं दिसतंय आणि कडेने पापुद्रे सुटलेत. धागा आधी एका जागी अडकत होता, आता वीतभर जागेत अडकतो.

मी विचारलं, पट्ट्याला हात कुणी लावला? कामावरच्या तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सूनबाई पुढे झाली. म्हणाली, मी भांड्यांच्या पावडरीने घासला, चकचकीत दिसावा म्हणून. मी म्हटलं, तुझ्या बाबांनी एवढं निगुतीने काम करून दिलं, त्यावर तुला ही अवदसा कुठून आठवली? तर खाली मान घालून उभी.

मी तोंडाची फटकळ आहे हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तिघींच्या देखत वाट्टेल ते बोलले. बापाने जन्मभर यंत्रं हाताळली आणि लेकीला एवढी अक्कल नसावी, असंही म्हटलं. तुमचं नाव मध्ये आणलं, त्याची माफी मागते. बाकी बोलले त्याची मागत नाही.

मशीन तिच्याकडून काढून घेतली आहे. ती आता मागच्या खोलीत घड्या घालते आणि पिशव्या भरते. दुसऱ्या मशीनलाही हात लावायचा नाही, असं बजावलंय. खरं सांगते, माझे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. येत्या उन्हाळ्यापासून हे सगळं काम, बाया, दुकानदार, किल्ल्या, तिच्या हाती सोपवायचं माझ्या मनात होतं. तिला तसं बोललेही होते. आता धीर होत नाही. न विचारता मशीनला पावडर लावणारीच्या हाती मी काय सोपवू?

तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

विहीण


२५ जानेवारी

विहीणबाई,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि मला बसायला सुधरेना, उभं राहायला सुधरेना. माझी पोर तुमच्या दारात मान खाली घालून उभी राहिली हे वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते.

पण विहीणबाई, एवढं लावून धरू नका. ज्याचा हात चालतो त्याच्याच हातून चुकतं. हातावर हात ठेवून बसलेल्याचं काय चुकणार? माझ्या पहिल्या फोरमनने तर मला म्हटलं होतं, तू काम करू नकोस, नुसता बघत बस, म्हणजे कारखाना वाचेल. पुढे त्याच्याच जागी मी बसलो. तात्पर्य, माणूस सुधारतो.

चिमी लहानपणापासून कामाला वाघ आहे. तिची आई गेली तेव्हा ती चौथीत होती. माझा डबा ती करायची. पहिल्यांदा मीठ दोनदा पडलं, मी काही न बोलता खाल्लं, संध्याकाळी तिने स्वतः चव घेतली आणि ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, बाबा, तुम्ही सांगितलं का नाही? अशी पोर आहे. तिला परत मशीनवर बसवा, एवढी विनंती.

पट्टा नेमका किती खराब झालाय? म्हणजे पिवळं जे दिसतंय ते ठिपक्याएवढं की मोठं? मी एक सांगणार होतो, पण ते पत्रात नीट सांगता यायचं नाही. भेटीत बोलू.

तिला रागावू नका.

आपला,
व्याही


९ फेब्रुवारी

व्याह्यांस नमस्कार.

काल मशीनचा कारागीर येऊन गेला. पट्टा काढून नेला. जुना मुलामा सगळा उतरवून नवा चढवावा लागेल म्हणाला. नखाने चाचपून, भिंगातून बघून त्याने आणखीही बरंच काही सांगितलं. त्यावर मी काही लिहीत नाही.

सूनबाईचं म्हणाल तर काम चोख करते. घड्या अशा, की पट्टीने मोजून घ्याव्यात. बोलत मात्र नाही. पूर्वी जेवताना तुमच्या कारखान्यातले किस्से सांगून आम्हाला हसवायची. आता ताटात बघून जेवते आणि उठते. माझा मुलगा म्हणतो, आई, जाऊ दे ना आता. मी म्हटलं, तू तुझं काम बघ. तिघींतली एक आज सकाळी तिच्यासमोरच दुसरीला म्हणाली, पावडरीचा डबा वर ठेव गं, हात पोचणार नाही असा. सूनबाईने ऐकलं आणि घडी मोडून पुन्हा घातली.

पोस्टमनची वेळ झाली की मात्र ती दाराशी येते. तुमचं पत्र आलं की मी वाचते, ती उभी असते. मी पत्र घडी करून ठेवते, मग ती आत जाते.

एक विचारते, सरळ उत्तर द्या. भांडी घासायच्या पावडरीने क्रोमचा मुलामा असा जाईल का? तुमचा जन्म यात गेला. तुमचा शब्द मी प्रमाण मानेन. तुम्ही लिहाल ते सूनबाईलाही वाचून दाखवीन, म्हणजे तिच्याही मनात काही राहायला नको.

विहीण


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. सर्दी होती.

आपण विचारलं त्याबद्दल. पावडरी नाना तऱ्हेच्या असतात. काहींत कच फार असते. ओल्या फडक्याने, जोर लावून, एकाच जागी बराच वेळ घासलं तर मुलामा जाऊ शकतो. जाणारच नाही, असं म्हणता येणार नाही. जुना मुलामा असेल तर लवकर जातो.

असं माझं मत आहे.

चिमीला आशीर्वाद.

आपला,
व्याही


४ मार्च

व्याह्यांस नमस्कार.

तुमचं मत सूनबाईला शब्दन् शब्द वाचून दाखवलं. ती पिशव्या भरत होती. हात थांबवून ऐकून घेतलं. म्हणाली, "बाबा म्हणतात म्हणजे तसंच झालं असेल." आणि पुन्हा पिशव्या भरायला लागली.

पट्टा पुढच्या आठवड्यात येईल.

विहीण


८ मार्च

विहीणबाई,

पावडर खोटी. पट्टा मी घालवला.

कसा, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला शंका राहायला नको. आमच्या कारखान्यात मुलामा शेवटी चढायचा. माझ्या हाताखाली यायचा तो उघडा माल, नुसतं पोलाद. त्यावर कानस मारा, दगड घासा, जोर लावा, पोलाद काही बोलत नाही. कुसळं निघाली की माल मुलाम्याला जायचा. चढलेल्या मुलाम्यावर मी उभ्या जन्मात हात फिरवला नव्हता. तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो. त्यावर कुसळ आलं तर तेलात भिजवलेला अगदी बारीक दगड सपाट धरायचा, कुसळाच्या नुसत्या टोकाला लावायचा आणि बोळा अडकेनासा झाला की हात उचलायचा. हे मला ऐकून माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि हाताला असणं वेगळं, हेही माहीत होतं. पण तुमच्या बाया भोवती उभ्या होत्या. चिमी त्यांना कौतुकाने म्हणाली, बघा आता आमच्या बाबांचा हात. झालं, मास्तर अंगात आले.

कुसळ पहिल्या चार हातांतच निघालं होतं. बोळा सरसर फिरला. तिथे थांबलो असतो तर तुमची मशीन आज चालत असती. पण बाया म्हणाल्या, अरे वा. मग मी आजूबाजूचं घासलं. मग त्याच्याही आजूबाजूचं. बाया चहाला गेल्या तरी माझं चालूच. आणि एकदम खाली पिवळं दिसलं.

तिथे चिमी एकटी होती. दिवा धरून उभी होती. तिने पिवळं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी ग्रीसचा डबा मागितला आणि तिनेच तो आणून दिला. मी बोटाने जाड थर फासला आणि तिला म्हटलं, आत्ता काही बोलू नकोस, तुझ्या सासूबाईंना मी घरी गेल्यावर पत्राने सगळं सांगतो. ती बरं म्हणाली.

घरी आलो, लिहायला बसलो, आणि लिहिलं काय, तर मला सगळे मास्तर म्हणायचे. तुम्ही पत्र उघडलंत तेव्हा ती दाराशी उभी राहून कशाची वाट बघत होती, ते आता तुम्हाला कळेल. मी सांगायची ती वाट बघत होती. दर पत्राला. मी गप्प बसलो म्हणून तिने पावडरीचं पांघरूण घातलं, आणि तुम्ही मला जाणकार म्हणून विचारलंत तेव्हा मी ते पांघरूण बोचक्यासारखं आवळून तिच्याच गळ्यात बांधलं. पहिल्या पत्रातलं मी भीतीपोटी केलं म्हणता येईल. ते मत मात्र मी पूर्ण शुद्धीवर, विचार करून, शब्द तोलून लिहिलं. अठरा दिवस सर्दी नव्हती. मी सोयीचं वाक्य शोधत होतो.

मला माझी लाज वाटते, विहीणबाई. याहून चांगलं मला लिहिता येत नाही.

पोरीचा काही दोष नाही. मशीन तिला परत द्या, आणि किल्ल्याही. मुलामा चढवायचा खर्च माझ्याकडे.

व्याही


१४ मार्च

व्याह्यांस नमस्कार.

खर्चाचं मनात आणू नका, तो विषय संपला.

मला माहीत होतं. कारागीर येऊन गेला त्याच दिवसापासून. तो भिंगातून बघून म्हणाला, पावडरीचे ओरखडे गोल गोल उठतात, हे सगळे सरळ आणि एका दिशेचे आहेत. दगड फिरवलाय, आणि फिरवणाऱ्याचा हात चांगला सरावलेला आहे. आमच्या घरात असा हात कुणाचा येऊन गेला, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मग तुम्हाला ते पत्र का लिहिलं, तर तुम्हाला चाचपायला. वाटलं, सरळ विचारलं की माणूस सरळ सांगेल. तुम्ही सांगितलं नाहीत, तेव्हा संतापाने अंगाची लाही झाली. पण तुम्हाला नावं ठेवायला मी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? खरं कळल्याबरोबर पोरीला पुढच्या खोलीत आणून बसवायला हवं होतं. मी बसवलं नाही. ती माझ्या तोंडावर खोटं बोलली याचा डंख होता. ती आपण होऊन सांगेपर्यंत तिला घड्याच घालू दे, असं मी ठरवलं. महिनाभर खरं माहीत असून तिला मागच्या खोलीत ठेवलं, आणि पावडरीच्या डब्यावरून तिला टोमणा बसला तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तुमचं मत तिला मुद्दाम वाचून दाखवलं, तिचा चेहरा बघायला. तो बघितला. आता तो डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही बाप असून तसं केलंत आणि मी रोज तिच्या हातचं जेवून तसं केलं.

पट्टा आला, बसवला. काल सकाळी मी तिच्यापुढे किल्ल्या ठेवल्या आणि म्हटलं, चुकले. तिने किल्ल्या उचलल्या. मशीन चालवते आहे, पण तिघींशी कामापुरतंच बोलते. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तुमची अब्रू झाकून तिची कशी उघडी ठेवायची, आणि तिची झाकायची तर तुमची कशी काढायची, मला उमगत नाही. त्या अजून तिलाच पावडरवाली समजतात.

तुमचं पत्र मात्र तिला काल वाचून दाखवलं, मागच्या खोलीत, दार लावून. शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने एवढंच विचारलं, "पाकिटात माझ्यासाठी वेगळा कागद आहे का?"

मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हता.

विहीण


१८ मार्च

चिमे,

तुझ्या सासूबाईंना इतकी पत्रं लिहिली आणि तुला एक नाही. विसरलो असं म्हणणार नाही. त्यांना लिहिताना काही ना काही झाकून लिहिता येत होतं. तुला काय लिहू? तू दिवा धरून उभी होतीस. तुझ्यापासून काही लपत नव्हतं, म्हणून मी तुझ्याकडे बघायचंच टाळलं. शेवटच्या पत्रात सगळं कबूल केलं आणि वाटलं, झालं, मोकळा झालो. तेही त्यांनाच कबूल केलं. त्यांची मशीन बिघडली होती ना. तुझं काय बिघडलं, ते पाकीट रिकामं निघालं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

तू खोटं बोललीस ती माझ्यासाठी. मी गप्प बसलो तोही माझ्यासाठीच. तुझी बाजू घ्यायला त्या घरात कुणी नव्हतं, आणि या घरातलाही कुणी उभा राहिला नाही. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही, कारण तू लगेच करशील.

माझी इथे अब्रू आहे, मास्तर म्हणतात, तुझ्या सासरी मान आहे, हे सगळं मी इतका वेळ धरून बसलो होतो. ते तुझ्या जिवावर धरून बसलो होतो.

तुला बोलणी बसली ती तिघींच्या देखत. तेव्हा मीही तिघींच्या देखतच सांगणार. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. त्या कामावर असतील, मशीन चालू असेल, तेव्हाच पुढच्या खोलीत येऊन उभा राहीन आणि हे मी केलं, पोरीने माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या, असं सांगेन. त्या हसतील, काही बोलतील, ते मी ऐकून घेईन. सासूबाईंना सांग, माझ्यासाठी काही करू नका, मी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार आहे.

या वेळी मध्ये पडू नकोस, आणि मला सांभाळून घेऊ नकोस. तुला तिथे थांबवत नसेल तर मागच्या खोलीत जा. मला भेटायचं नसेल तर तसंही चालेल, मी दार वाजवून विचारणार नाही.

उत्तराची वाट न बघता निघतो आहे.

बाबा